शिलोहाचा बुरूज कुणावर पडला?

परमेश्वर न्यायी आहे, याविषयी ख्रिस्ती माणसाच्या मनात शंका असण्याचे कारण नाही. शंका घ्यावयाची ती त्या न्यायाचे निकाल परस्पर वाचून दाखवणाऱ्यांविषयी. आपल्या धर्मग्रामांत अशा स्वयंनियुक्त शिरस्तेदारांची उणीव नाही. कुठे इमारत कोसळली, कुठे पुराचे पाणी घरात शिरले, कुणाच्या घरी तरुण मृत्यू झाला, की मयताची फुले सुकण्याआधीच ही मंडळी स्वर्गीय न्यायालयाचे निकालपत्र घेऊन हजर होतात. 'करावे तसे भरावे', असे एक जण म्हणतो. 'देवाला विसरले, म्हणून हे झाले', असे दुसरा म्हणतो. तिसरा आवाज हळू असतो, पण त्यातला अर्थ सर्वांत भयंकर असतो: 'आपण रोज जपमाळ म्हणतो ना, म्हणून आपल्याला देवाने राखले.'

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. ही भाषा श्रद्धेची नव्हे. श्रद्धेचा झगा पांघरलेल्या गर्वाची ही भाषा आहे. ती प्रभू येशूच्या शिकवणीशी विसंगत आहेच. शिवाय ज्यांना खरोखर देवाच्या न्यायासमोर उभे राहावे लागणार आहे, त्यांना ती सुखाने निसटू देते. हे आम्ही हवेत बोलत नाही. आम्ही वागळे इस्टेटविषयी बोलत आहोत.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याच्या अगदी आरंभीच्या वसाहतींपैकी एक. कारखाने आले, पाळ्या सुरू झाल्या, भोंगे वाजू लागले. कोकणातून, घाटावरून, मराठवाड्यातून, उत्तरेतून आणि दक्षिणेतून माणसे आली. त्यांत वसईची, गोव्याची, मंगळूरची, नगरकडील खेड्यांतली ख्रिस्ती कुटुंबेही होती. यंत्रांसाठी आखीव रस्ते आणि क्रमांक दिलेले भूखंड होते. यंत्रे चालवणाऱ्या माणसांसाठी मात्र पुरेशी घरे कुणी आखली नव्हती. मग किसननगर, श्रीनगर, इंदिरानगर, लोकमान्यनगर अशा वस्त्या दाटत गेल्या. चाळीच्या जागी चार मजले उभे राहिले, चारांवर पाचवा चढला. दोन इमारतींच्या मध्ये हात पसरला तर दोन्ही भिंतींना लागावा, अशी बांधकामे झाली. पुढे कारखाने एकामागून एक बंद पडले आणि त्यांच्या जागी काचेच्या भिंतींची संगणक कंपन्यांची संकुले आली. घरे मात्र तीच राहिली, आणि दर पावसाळ्यात थोडी थोडी झिजत गेली.

किसननगरात गेल्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत साईराज नावाची इमारत कोसळली, माणसे दगावली. त्या दुर्घटनेनंतर अशा वस्त्यांच्या सामूहिक पुनर्विकासाची मागणी उभी राहिली. तिचे भूमिपूजन किसननगरात व्हायला जून २०२३ उजाडावा लागला. मधल्या काळात काय काय घडले? ४ एप्रिल २०१३ रोजी ठाणे महापालिकेच्याच हद्दीत, शीळ येथील लकी कंपाउंडमध्ये एक बेकायदा इमारत कोसळली. सात मजले उभे होते, आठव्याचे काम चालू होते. ती काही महिन्यांच्या आत उभी केली गेली होती आणि काम पुरे होण्याआधीच तिच्यात माणसे राहावयास आली होती. ७४ जीव गेले; त्यांत बांधकामावरचे मजूर होते, त्यांच्या बायका होत्या, अनेक लहान मुले होती. पुनरुत्थानाच्या सणानंतरचा तो पहिलाच गुरुवार होता. पुढे बिल्डर, पालिकेचे अधिकारी, पोलीस आणि एक नगरसेवक यांना अटक झाली. कोणाचा दोष किती, हे सांगणे न्यायालयाचे काम आहे. परंतु मेलेल्या मुलांचा दोष किती होता, हे सांगावयास न्यायालयाची गरज नाही.

आता गंमत पाहा. गंमत हा शब्द येथे कडू आहे, तरी पाहा. त्याच वर्षी, त्या इमारतीच्या पडझडीच्या सुमारे एक महिना आधी, ३ मार्च २०१३ रोजी उपवासकाळातला तिसरा रविवार होता. त्या दिवशी मिस्सामध्ये वाचावयाचे शुभवर्तमान होते संत लूकच्या तेराव्या अध्यायाचे. काही लोक येशूकडे येऊन सांगतात की, पिलाताने काही गालीली लोकांना बलिदान अर्पण करीत असतानाच ठार केले. येशू त्यांनाच उलट विचारतो: ते इतर गालीली लोकांपेक्षा अधिक पापी होते, असे तुम्हांला वाटते का? आणि मग तो स्वतःहून एका पडलेल्या बांधकामाचा विषय काढतो. यरुशलेममध्ये शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली होती. ती त्या नगरातल्या इतरांपेक्षा अधिक अपराधी होती काय? प्रभूचे उत्तर एका शब्दाचे आहे: नाही. आणि पुढचे वाक्य ऐकणाऱ्यांवर वळते: तुम्ही पश्चात्ताप केला नाही, तर तुमचाही नाश होईल.

पडलेल्या इमारतीविषयी ख्रिस्ताने काय म्हटले, हे शोधायला आपल्याला फार दूर जावे लागत नाही. त्याने थेट त्याच विषयावर निर्णय दिला आहे, आणि तो निर्णय आमच्या शिरस्तेदारांच्या विरुद्ध आहे. मेलेल्यांच्या पापांची मोजदाद करू नका, असे तो सांगतो. बोट वळवायचे असेल तर स्वतःकडे वळवा. दर तीन वर्षांनी हे वाचन वेदीवरून होते, आपण उभे राहून ते ऐकतो, आणि चर्चच्या आवारात उतरताच नेमके उलटे बोलतो.

प्रतिपक्षाचे म्हणणे आम्ही टाळू इच्छित नाही. ते म्हणतील, पवित्र शास्त्रात सदोम आहे, नोहाचा जलप्रलय आहे, अनुवादाच्या पुस्तकात आशीर्वाद आणि शाप यांच्या याद्या आहेत. देव पापाची शिक्षा देतो, हे तुम्ही नाकारता काय? आम्ही ते नाकारीत नाही. पाप माणसाला आणि समाजाला खाऊन टाकते, हे आम्हांला मान्य आहे. प्रश्न असा आहे की कोणत्या माणसाच्या कोणत्या दुःखावर देवाने कोणते कारण लिहिले, हे तुम्हांला कुणी कळवले? जिथे शास्त्र बोलते तिथे ते संदेष्ट्याच्या मुखाने बोलते. आपण संदेष्टे आहोत, असे गृहीत धरणे हाच गर्व.

आणि सदोमचा दाखला देणाऱ्यांनी तो पुरता वाचावा. यहेज्केल संदेष्ट्याच्या सोळाव्या अध्यायात सदोमचा अपराध नाव घेऊन सांगितला आहे: गर्व, अन्नाची रेलचेल, निश्चिंत आराम, आणि गरीब व गरजू यांच्याकडे फिरवलेली पाठ. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, सदोमवर न्याय येणार हे आब्राहामाला कळले तेव्हा त्याने काय केले? 'बरे झाले' असे तो म्हणाला नाही. तो देवाशी घासाघीस करीत उभा राहिला. पन्नास नीतिमान सापडले तर? पंचेचाळीस? अखेर दहांवर आला. ज्याला देवाचा न्याय खरोखर ठाऊक होता, त्याने रदबदली केली. ज्यांना तो ठाऊक नाही, ते निकाल वाचतात. श्रद्धावंत आणि गर्विष्ठ यांतला भेद याहून अधिक स्पष्ट कसा करावा?

ईयोबाचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, हे या शिरस्तेदारांचे आद्य पूर्वज. ते सात दिवस गप्प बसले, तोवर ते खरे मित्र होते. बोलू लागले आणि बिघडले. त्यांचे तर्कशास्त्र निर्दोष होते: देव न्यायी आहे, ईयोब दुःखात आहे, म्हणून ईयोबाने पाप केले असले पाहिजे. ते देवाचीच बाजू मांडीत होते. तरीही पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग होतो तो त्यांच्यावर. देवाविषयी ते नीट बोलले नाहीत, असे तोच म्हणतो, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करावयास सांगतो तो ईयोबाला. परमगुरुस्वामी दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ साली मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थाविषयी जे पत्र लिहिले, त्यात ईयोबाचे दुःख हे निर्दोष माणसाचे दुःख आहे, आणि प्रत्येक दुःख म्हणजे अपराधाची शिक्षा, हे समीकरण खरे नाही, हे स्वच्छ मांडले आहे. जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनी पाप कुणाचे, याचे की आईबापांचे, असे विचारले, तेव्हा प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले होते. अडतीस वर्षे आजारी असलेल्या माणसाला बरे केल्यावर येशूने पुन्हा पाप करू नको असे बजावले, हेही खरे. पण ते त्याने त्याला एकट्याला, बरे केल्यानंतर आणि प्रेमाने सांगितले. त्याच्या शेजाऱ्यांना बोलावून सांगितले नाही.

ज्या ठाण्यात आपण राहतो, त्या ठाण्याचा इतिहासच या हिशेबाला खोटे पाडतो. १३२१ साली येथे तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तीन सोबती हुतात्मे झाले. जॉर्डन नावाच्या डॉमिनिकन धर्मबंधूने त्यांचे देह पुरले आणि पुढे पोर्देनोनेच्या ओडोरिकाने त्यांच्या अस्थी चीनपर्यंत नेल्या. अकाली आणि हिंसक मरण हा जर देवाच्या नाराजीचा पुरावा असेल, तर या चौघांना आपण काय म्हणणार? आणि क्रुसावर खिळलेल्याला काय म्हणणार? क्रुसाखालून जाणारे लोक हेच म्हणत होते: देवाचा असता, तर देवाने सोडवला असता. आमचे शिरस्तेदार नकळत त्या घोळक्यात जाऊन उभे राहतात.

असा निवाडा करण्याचा मोह थोरामोठ्यांनाही झाला आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, मिस्साच्या वेळी लिस्बन शहर भूकंपाने हादरले. भरलेली चर्चे भाविकांवर कोसळली. मालाग्रिदा नावाच्या येशूसंघीय धर्मगुरूने हा शहराच्या पापांवरचा देवाचा कोप आहे असे लिहिले, आणि नैसर्गिक कारणे सांगणाऱ्यांना दोष दिला. ज्या शहरात प्रार्थना करणारे चर्चमध्ये चिरडले गेले, तेथे हा सिद्धांत कसा टिकावा? १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भूकंप झाला, तेव्हा महात्मा गांधींनी त्याला अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरी शिक्षा म्हटले. गांधीजींचा हेतू निर्मळ होता. ते स्वतःच्या समाजाला दोष देत होते, परक्यांना नव्हे. तरीही रवींद्रनाथ ठाकूरांनी जाहीर निषेध नोंदवला आणि गांधीजींनी तो आपल्या 'हरिजन'मध्ये छापला. आम्हांला येथे रवींद्रनाथांची बाजू बरोबर वाटते. अस्पृश्यता हे महापाप होतेच. पण त्या ढिगाऱ्याखाली अस्पृश्यही मेले होते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचे किल्लारी आपल्या पिढीला आठवते. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले होते. हजारो माणसे उठलीच नाहीत. त्यांना मारले ते दगडमातीच्या जाड, न बांधलेल्या भिंतींनी आणि माळवदाच्या मणामणांच्या मातीने. तेच माप भूकंपाचे, पण घरे हलकी आणि नीट जोडलेली असती, तर एवढी माणसे मेली नसती. ज्या गावांनी नंतर पक्की घरे बांधली, त्यांनी देवाच्या न्यायाला बगल दिली असे कुणी म्हणेल काय?

येथे आम्ही आमच्या मुख्य मुद्द्यावर येतो. देवाचा न्याय इमारतीत आहे. पण ती पडते तेव्हा नव्हे, बांधली जाते तेव्हा. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक आज्ञा आहे, तिच्यावर प्रवचन क्वचितच ऐकू येते. नवे घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा बांध. नाहीतर कुणी पडून मेला, तर त्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. म्हणजे पडणाऱ्याला कुणी दोषी धरलेले नाही; कठडा न बांधणाऱ्याला धरलेले आहे. यिर्मया अन्यायाने घर आणि माड्या बांधणाऱ्या, शेजाऱ्याला फुकट राबवणाऱ्या राजाला धिक्कारतो. हबक्कूक तर सांगतो की, भिंतीतला दगड ओरडेल आणि लाकडातली तुळई त्याला साद देईल. खाडीची खारट वाळू न धुता काँक्रीटमध्ये घातली की आतली सळई गंजते, गंजून फुगते, आणि खांब आतून फुटतो. हबक्कूकाचा दगड ओरडतो तो असा. ही ओरड पंधरा-वीस वर्षे चालते. ती ऐकण्याऐवजी आपण ढिगारा पडल्यावर मेलेल्यांच्या चारित्र्याची चौकशी करतो.

म्हणूनच 'देवाची शिक्षा' हे स्पष्टीकरण गर्विष्ठ आहेच, शिवाय सोयीचेही आहे. वाळूत हात मारणाऱ्याला ते सोयीचे. बिनपरवाना मजल्याकडे डोळेझाक करणाऱ्याला ते सोयीचे. भाडे वेळेवर घेऊन गळती मात्र दुर्लक्षित ठेवणाऱ्या मालकालाही ते सोयीचे. देवच कर्ता ठरला, की बाकी सारे निमित्तमात्र. दुसऱ्या जॉन पॉल यांनीच १९८७ सालच्या परिपत्रकात पापाच्या रचनांविषयी लिहिले आहे: व्यक्तींच्या पापांतून उभ्या राहणाऱ्या, मग स्वतःच्या बळावर चालणाऱ्या व्यवस्थांविषयी. वागळे इस्टेटच्या गल्ल्यांत या रचना शब्दशः विटांच्या आहेत. आणि त्या बांधणाऱ्यांत, मंजूर करणाऱ्यांत, त्यांवर भाडे खाणाऱ्यांत रविवारी पहिल्या बाकावर बसणारे आपले लोक कधीच नसतात, असे कुणी छातीठोकपणे सांगावे.

आता नम्रतेविषयी. या गुणाचीही आपण मोडतोड केली आहे. गरिबाला आपण नम्रता शिकवतो आणि श्रीमंताला व्यवहार. भाडेकरूने गळक्या छताची तक्रार केली की 'नम्र असावे, देवाने दिले त्यात समाधान मानावे'. त्याने सोसायटीच्या सभेत हिशेब मागितला की 'हा गर्व'. ही शिकवण कुठल्या शुभवर्तमानात आहे? पवित्र मरियेपेक्षा नम्र कोण? आणि तिच्याच स्तोत्रात देव गर्विष्ठांना उधळतो, सत्ताधीशांना आसनांवरून ओढतो, भुकेल्यांना तृप्त करतो. आविलेच्या संत तेरेजाने नम्रतेचे नाते सत्याशी जोडले आहे. आपण जे आहोत ते तसेच पाहणे म्हणजे नम्रता. खांबाला तडा आहे असे म्हणणे हे सत्य आहे, म्हणून ते नम्रही आहे. तडा रंगाने झाकणे हे असत्य आहे, म्हणून ते गर्विष्ठ आहे, मग झाकणारा कितीही खाली मान घालून बोलो.

परूशी आणि जकातदार यांच्या दाखल्यातला परूशी खोटारडा नव्हता, हे आपण विसरतो. तो खरोखर उपवास करीत होता, खरोखर दशमांश देत होता. त्याने आभारही देवाचेच मानले. त्याचे चुकले ते एवढेच की, आभार मानताना त्याने शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे माप घेतले. 'देवाने आपल्याला राखले' हे वाक्य त्याच प्रार्थनेचे मराठी भाषांतर आहे. राखल्याबद्दल आभार जरूर मानावेत. पण ज्यांना राखले नाही त्यांच्याशी तुलना करून मानलेले आभार देवापर्यंत पोहोचत नाहीत. ते परूशाबरोबर मंदिरातच राहतात.

शिलोहाच्या बुरुजानंतर लगेच प्रभू अंजिराच्या झाडाचा दाखला सांगतो, तो उगाच नव्हे. झाड तीन वर्षे फळ देत नाही. मालक तोडायला सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागतो. आपल्याला मुदतवाढ फार आवडते, म्हणून हा दाखला आपल्याला गोड लागतो. पण माळी नुसती मुदत मागत नाही. मी भोवती खणीन, खत घालीन, असे तो म्हणतो. पालिकेची अतिधोकादायक इमारतींची यादी दर पावसाळ्यापूर्वी निघते. सी-१ वर्गातल्या इमारती रिकाम्या करून पाडावयाच्या असतात. नोटीस येते, मुदत मागितली जाते, मिळते, पाऊस संपतो, खणणे राहून जाते. देवाची सहनशीलता ही कुदळ हातात घेण्यासाठी दिलेली सवड आहे. ती नुसती झोपून काढणे म्हणजे न्यायाला निमंत्रण.

तेव्हा कुदळीची कामे कोणती, हे सांगून आम्ही हे लिखाण संपवतो. तीस वर्षांवरील इमारतींचे संरचनात्मक परीक्षण कायद्याने बंधनकारक आहे. ज्यांच्या सोसायटीत ते झालेले नाही, त्यांनी पुढल्या सभेत हात वर करावा आणि गर्विष्ठ म्हणवून घ्यावे. घर घेणाऱ्याने स्वस्त दर पाहण्याआधी भोगवटा प्रमाणपत्र पाहावे. बेकायदा मजल्याचा गिऱ्हाईक हाही त्या मजल्याचा एक खांब असतो. जे बांधकामाच्या व्यवसायात किंवा परवान्यांच्या टेबलावर आहेत, त्यांनी उपवासकाळातल्या पापनिवेदनाच्या तयारीत दहा आज्ञांतल्या पाचवीपाशी, खून करू नको या आज्ञेपाशी, थोडे अधिक थांबावे. घर रिकामे करावे लागलेल्या कुटुंबांचा प्रश्न बहुधा एवढाच असतो: हक्क न गमावता चार महिने जायचे कुठे? धर्मग्रामातल्या समूहांनी, संत व्हिन्सेंट द पॉल संस्थेसारख्या मंडळांनी अशांच्या भाड्याला आणि कागदपत्रांना हात लावावा. तोही जपमाळेइतकाच पवित्र हात असेल.

आणि दुःखाच्या घरी जाणाऱ्या सर्वांसाठी एक नियम पुरे: ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस आचरावेत, आठवा उगवू देऊ नये. न्याय करणे देवाचे काम आहे आणि ते त्याला चांगले जमते. कठडा बांधणे आपले काम आहे.